साठ विरुद्ध शून्य

भविष्य सांगणारी माणसं ढोबळ मानानं तीन जातींची असतात. पहिली हात बघतात, दुसरी ढग बघतात आणि तिसरी मतदारसंघ बघतात. पहिल्यांना दक्षिणा मिळते, दुसऱ्यांना सरकारी पगार मिळतो. तिसऱ्यांना मात्र पदरचा चहा पाजून लोकांना आपलं भविष्य ऐकवावं लागतं.

आमचे मामा या तिसऱ्या जातीतले. त्यातही त्यांचा प्रांत असा चमत्कारिक, की गिरगावात त्यांना प्रतिस्पर्धी नाही आणि श्रोताही नाही. आपल्या वॉर्डात कोण येणार, दिल्लीत कोण येणार, हे सलूनमधला मुलगासुद्धा सांगतो. मामा मॉरिशसमध्ये कोण येणार ते सांगतात. १९७६ सालापासून सांगत आले आहेत. श्रोता मी. बहिणीचा मुलगा, त्यात उलट न बोलणारा, आणि चहाला नाही न म्हणणारा. मामांना आणखी काय हवं?

तुम्ही विचाराल, मॉरिशसच का? आमच्या आजोळचं गाव रत्नागिरीकडचं. १८३४ पासून इंग्रजांनी त्या बेटावरच्या उसाच्या मळ्यांवर हिंदुस्थानातली माणसं न्यायला सुरुवात केली. बहुतेक गेले बिहारातून, मद्रासेकडून. पण मुंबईच्या बंदरातूनही गलबतं सुटत, आणि त्यांत कोकणातले पुष्कळ होते. कुणी गिरमिटावर अंगठा उठवला, कुणी सावकाराला चुकवून निघाला. मामांच्या आजोबांचा कुणी चुलता असाच गेला, असं घरात सांगतात. त्या चुलत्यानं पत्र पाठवलं नाही, पैसे पाठवले नाहीत. पण त्याची पणतवंडं तिकडे मत देत असणार, एवढ्या आधारावर मामांनी त्या बेटाचं पालकत्व घेतलं. तिथे मराठी माणसं आजही आहेत, शेकडा दोनच्या आसपास. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. मामा हे अशा सुरात सांगतात, की सुट्टीचा अर्ज त्यांनीच केला होता असं वाटावं.

बेट केवढं? एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात चार मॉरिशस बसतील, आणि वर आंब्याला जागा उरेल. वस्ती बारा-साडेबारा लाखांची. पण माणसांचे नमुने बघावेत तर हिंदी-भोजपुरीवाले हिंदू, तमिळ, तेलुगू, मराठी, मुसलमान, आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज, चिनी दुकानदार, आणि सगळ्यांच्या वर मूठभर फ्रेंच मळेवाले. घरात क्रिऑल बोलायचं, वर्तमानपत्र फ्रेंचमध्ये वाचायचं आणि पार्लमेंटात इंग्रजीत भांडायचं.

मामांसारख्या गणिती माणसाला याहून सुपीक जमीन कुठली? "अरे, सरळ हिशेब आहे," मामा म्हणत. "हा गठ्ठा इकडे, तो गठ्ठा तिकडे. बेरीज केली की सरकार तयार." त्यासाठी त्यांनी एक लाल चोपडी घातली होती. जमाखर्चाची असते तसली. डावीकडे पक्ष, उजवीकडे जमाती. आता नुसती मामांची खोड असती तर मी हे लिहायला बसलो नसतो. पण गठ्ठ्यांची चोपडी त्या देशाच्या घटनेतच आहे.

ती अशी. मुख्य बेटावर वीस मतदारसंघ, प्रत्येकातून तीन आमदार. शेजारच्या रॉड्रिग्ज बेटावर एक मतदारसंघ, दोन आमदार. एकूण बासष्ट. मुख्य बेटावरच्या मतदारानं फुल्या मारायच्या तीन. दोन मारल्या तर मत बाद, चार मारल्या तरी बाद. म्हणजे गाठ मारताना जशी दोरी पुरेपूर लागते तसं. आता तीनही फुल्या एकाच पक्षाला मारायची तिथे सवय. त्यामुळे वारा थोडा फिरला की एकेका मतदारसंघात तीन-तीन माणसं एकदम आडवी होतात. पत्त्यांचा बंगला पडावा तसे वीसच्या वीस मतदारसंघ पडू शकतात.

मग लहान जमातींचं काय? त्यांना भीती, की आपण या फुल्यांखाली गाडले जाऊ. यावर इंग्रजांनी जाता जाता एक तोडगा काढून दिला. बासष्ट निवडून आले, की हरलेल्यांतले जास्तीत जास्त आठ जण उचलून सभागृहात बसवायचे. त्यांना नावच मुळी 'सर्वोत्तम पराभूत'. ज्या जमातीला वाट्यापेक्षा कमी जागा मिळाल्या, तिचा सगळ्यांत बरा हरलेला उमेदवार जिंकलेला समजायचा. पहिल्या चार खुर्च्या नुसती जमात बघून. पुढच्या चार देताना पक्षांचं पारडं बिघडणार नाही असं बघून. यासाठी प्रत्येक उमेदवारानं अर्जावर आपली जमात लिहायची. जमाती चार: हिंदू, मुसलमान, चिनी आणि 'सर्वसामान्य'. पहिल्या तीन रकान्यांत न बसणारा तो सर्वसामान्य! अशी व्याख्या आपल्याकडे एखाद्या तहसील कचेरीतच सुचली असती.

१९६६ साली एका कमिशनच्या अहवालावरून बेटावर रणं माजली, तेव्हा हा तोडगा घडवून आणायला विलायतेहून जॉन स्टोनहाऊस नावाचे मंत्री आले होते. हेच गृहस्थ पुढे १९७४ साली मायामीच्या किनाऱ्यावर कपडे काढून ठेवून गडप झाले. बुडाले असं सगळ्यांनी धरलं, तर महिन्याभरानं ऑस्ट्रेलियात दुसऱ्याच्या नावावर जिवंत सापडले! मामा म्हणतात, "यात नवल कसलं? ज्यानं हरलेल्याला जिंकलेला करून ठेवलं, त्यानं मेलेला माणूस जिवंत करून दाखवला."

विनोद सोडा. ती भीती खोटी नव्हती. ७ ऑगस्ट १९६७ ची निवडणूक ही स्वातंत्र्य हवं की नको याचीच निवडणूक होती. शिवसागर रामगुलामांच्या आघाडीला ३९ जागा मिळाल्या, गेतां दुवालांच्या पक्षाला २३. पण मतं बघितली तर शंभरातल्या ४४ जणांनी स्वातंत्र्याच्या विरोधातल्या पक्षाला मत दिलं होतं. स्वातंत्र्य नको म्हणणारे ४४ टक्के जगात फार देशांना मिळाले नसतील. जानेवारी १९६८ मध्ये राजधानी पोर्ट लुईत दंगली उसळल्या, गोऱ्यांची पलटण बोलवावी लागली. पुष्कळ जण घरदार विकून ऑस्ट्रेलियाला निघून गेले. त्याआधी १९६१ मध्ये जेम्स मीड नावाच्या नाणावलेल्या अर्थशास्त्रज्ञानं अहवाल देऊन ठेवला होता, की माणसं फार, पीक एकच ते उसाचं, सगळं नीट पार पडण्याची आशा थोडी. या मीडसाहेबांना पुढे १९७७ साली नोबेल मिळालं. मॉरिशसनं त्यांचं भविष्य खोटं पाडलं ते पाडलंच. अशा अवस्थेत १२ मार्च १९६८ ला झेंडा चढला. तारीख गांधीजींच्या दांडीयात्रेची निवडलेली.

आता गठ्ठ्यांची पहिली गंमत बघा. १९६९ साली काही तरुणांनी नवा पक्ष काढला, एम. एम. एम. त्यात पॉल बेरांजे नावाचा फ्रेंच वंशाचा, मिशाळ तरुण होता. १९७० साली ट्रिओले भागात पोटनिवडणूक लागली. ट्रिओले म्हणजे रामगुलामांचं घर, भोजपुरी हिंदूंचा बालेकिल्ला. तिथे या पोरांनी मुद्दाम तेलुगू घराण्यातला देव वीरास्वामी उभा केला, आणि तो निवडून आला! गठ्ठ्याची दोरी तिथे पहिल्यांदा सुटली. सरकार एवढं दचकलं, की १९७२ ची सार्वत्रिक निवडणूक ढकलत ढकलत १९७६ वर नेली.

मामांची चोपडी सुरू झाली ती इथे. डिसेंबर १९७६. मतदानाचं वय तिथे अठरावर आणलेलं. (आपल्याकडे अठरा व्हायला १९८९ उजाडलं.) रामगुलामांनी माध्यमिक शिक्षण फुकट केल्याचंही जाहीर करून टाकलं. मामा म्हणाले, "संपलं. बापाला कोण पाडतो?" निकाल लागला तो असा: एम. एम. एम. ३०, रामगुलाम २५, दुवाल ७. पहिला आला एम. एम. एम.; सरकार केलं दुसऱ्यानं आणि तिसऱ्यानं मिळून. नऊ वर्षांपूर्वी स्वातंत्र्यावरून एकमेकांच्या उरावर बसलेले दोघे! सर्वोत्तम पराभूत धरून आकडा झाला ३६ विरुद्ध ३४. मामांनी चोपडीत लिहिलं, 'भविष्य बरोबर, थोडक्यात'.

मग आलं १९८२. जूनचा महिना, मुंबईत पाऊस. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बोटभर बातमी होती. मी मोठ्यानं वाचली: मुख्य बेटावरच्या साठपैकी साठ जागा एम. एम. एम. आणि त्यांच्या मित्रांना. मामांनी पेपर हिसकावून घेतला, चष्मा पुसला.

"छापण्यात चूक आहे," मामा म्हणाले. "साठ-शून्य हा निवडणुकीचा निकाल नसतो, कबड्डीचासुद्धा नसतो."

"मामा, रामगुलाम स्वतःसुद्धा पडले असं म्हटलंय."

"कुठे?"

"ट्रिओलेत."

मामा पाच मिनिटं बोलले नाहीत. मामींनी ते साल दिवाणखान्याच्या भिंतीवर कोरून ठेवायचं म्हटलं.

ज्या म्हाताऱ्याला सारा देश 'चाचा' म्हणत होता, ज्यानं स्वातंत्र्य आणलं, त्याला त्याच्याच गावानं घरी बसवलं. त्याच्या बाजूला चौथा हिस्सा मतं होती. जागा एक नाही. दुसऱ्या कुठल्या देशात अशा वेळी रणगाडे निघाले असते. इथे चाचांनी खुर्ची सोडली, अनिरुद्ध जगन्नाथ पंतप्रधान झाले, बेरांजे अर्थमंत्री झाले, आणि दुसऱ्या दिवशी उसाच्या गाड्या नेहमीच्या वेळेला निघाल्या. त्या बिचाऱ्या देशाला स्वतंत्र होऊन चौदा वर्षं झाली होती.

मामा सावरले. म्हणाले, "ठीक आहे. पण साठ-शून्यवालं सरकार आता वीस वर्षं हलत नाही, लिहून घे." मी लिहून घेतलं नाही, त्यांनीच घेतलं. नऊ महिन्यांत जगन्नाथ आणि बेरांजे भांडले, मंत्री बाहेर पडले, जगन्नाथांनी वेगळा पक्ष काढला. ऑगस्ट १९८३ मध्ये पुन्हा निवडणूक! या वेळी जगन्नाथांच्या बरोबर कोण? चौदा महिन्यांपूर्वी ज्यांना शून्यावर बाद केलं तेच, रामगुलामांचा पक्ष आणि दुवाल. एकट्या बेरांजेंना मतं ४६ टक्क्यांच्या घरात पडली, जागा मिळाल्या १९. आणि पडलेले चाचा? ते त्याच वर्षी गव्हर्नर जनरल झाले. आज त्या देशाच्या विमानतळाला त्यांचं नाव आहे.

इथून पुढे मामांच्या चोपडीची पानं नुसती खाडाखोडीची आहेत. त्यांना सगळ्यांत त्रास दिला तो बेरांजेंनी. १९८२ ला जगन्नाथांबरोबर. १९८३ आणि १९८७ ला जगन्नाथांच्या विरुद्ध. १९९१ ला पुन्हा जगन्नाथांबरोबर, साठपैकी ५७. १९९५ ला चाचांचे चिरंजीव नवीन रामगुलाम यांच्याबरोबर. आणि पुन्हा साठ-शून्य, या वेळी शून्यावर जगन्नाथ! २००० ला परत जगन्नाथांबरोबर, अशा करारावर की पहिली तीन वर्षं तुम्ही पंतप्रधान, मग मी. हा करार, काय आश्चर्य, पाळला गेला. ३० सप्टेंबर २००३ ला बेरांजे पंतप्रधान झाले. हिंदू नसलेला हा पहिलाच. मामांनी चोपडीत ज्या शक्यतेपुढे 'कदापि नाही' असं तांबड्या शाईनं लिहिलं होतं ती हीच.

पक्षांची चिन्हं मामांना पाठ. रामगुलामांची किल्ली, बेरांजेंचं काळीज, जगन्नाथांचा सूर्य, दुवालांचा कोंबडा. "या वेळी किल्ली काळजाला लागली, सूर्य आणि कोंबडा एकत्र उगवणार," असं ते फोनवर कुणाशी बोलत होते, तेव्हा शेजारच्या काकू पत्रिका घेऊन आल्या होत्या.

आणि मग २०१४. मामांचं वय अठ्ठ्याहत्तर, चोपडी तिसरी. २०१० च्या निवडणुकीत नवीन रामगुलाम पहिले आणि बेरांजे दुसरे आलेले. दोघं आता एक झाले. पहिला अधिक दुसरा! ठरलं असं, की एक राष्ट्राध्यक्ष होणार जादा अधिकारांचा, दुसरा पंतप्रधान. समोर कोण? चौऱ्याऐंशी वर्षांचे अनिरुद्ध जगन्नाथ. मामांनी बेरीज केली, ताळा केला, पेन ठेवलं. "आता साठ-शून्य," मामा म्हणाले. "या वेळी गणित चुकायला जागाच नाही."

मामी पोळ्या लाटत होत्या. म्हणाल्या, "चुकणार."

"तुला मॉरिशसातलं काय कळतं?"

"मॉरिशसातलं नाही कळत. पण एवढ्याशा गावात सगळे एकमेकांच्या लग्नाला जाणारे. आमंत्रण आलं की 'येतो' म्हणायचं असतं. दहा घरी म्हणायचं असतं. तुम्ही 'येतो' म्हणाले तेवढ्यांची पानं मांडताय."

निकाल लागला: दोन मोठ्या पक्षांना मिळून १३, म्हाताऱ्या जगन्नाथांच्या आघाडीला ४७. नवीन रामगुलाम पडले, तेही वडिलांच्याच मतदारसंघात. मामांना चोपडी चुकल्याचं दुःख होतं, पण चौऱ्याऐंशीव्या वर्षी माणूस पंतप्रधान होतो म्हटल्यावर चेहऱ्यावर तेजही आलं होतं. त्या संध्याकाळी ते काठी न घेता चौपाटीवर गेले.

मामींचं वाक्य मी विसरलो नाही, कारण त्या बेटाचा निम्मा इतिहास त्यात आहे. मामांसारखे हिशेबनीस तिकडेही आहेत, आणि ते पक्षांच्या कचेऱ्यांत बसतात. यादीत एक तमिळ हवा, एक तेलुगू हवा, एक मराठी हवा, अशी वाटणी ते करतात आणि समजतात की मागोमाग त्यांचे गठ्ठे येणार. मतदार प्रत्येकाला 'येतो' म्हणतो. म्हणायलाच हवं! आमदाराची बहीण शेजारी राहते, विरोधी उमेदवार मुलाचा मास्तर होता. त्याला मनातलं बोलायला देशात एकच जागा आहे, ती पडद्यामागची. तिथे तो पाच वर्षांचं सगळं तीन फुल्यांत सांगून टाकतो.

गठ्ठ्यांचा हिशेबसुद्धा केवढा शिळा! 'सर्वोत्तम पराभूत' ठरवायला ज्या जनगणनेतली जमातींची टक्केवारी धरतात, ती १९७२ सालची. त्यानंतर तिथे जमात मोजलीच नाही. उमेदवाराला जमात लिहायला लावणं योग्य नाही, असं २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीनं सांगितलं. २०१४ पुरती सक्ती उठवलीही. पण पद्धत काही गेली नाही. लहान जमातींना वाटतं, ही काठी आहे; वापरावी लागो न लागो, कोपऱ्यात उभी असलेली बरी. १९६८ ज्यांनी पाहिलं त्यांना हसता येत नाही.

नोव्हेंबर २०२४. आता गिरगावात वर्तमानपत्राची वाट बघावी लागत नाही. नातीनं मामांच्या हातात मोबाईल दिलेला. पंतप्रधान अनिरुद्ध जगन्नाथांचे चिरंजीव प्रविंद. २०१९ ला ३७ टक्के मतांवर ३८ जागा मिळवून आलेले. ऑक्टोबरच्या ३ तारखेला इंग्रजांनी चागोस बेटं परत द्यायचं कबूल केलं होतं. १९६५ साली तोडून नेलेली बेटं! जाणकार म्हणाले, हा हुकमाचा एक्का. मग पुढाऱ्यांची, पत्रकारांची चोरून ऐकलेली फोनवरची संभाषणं बाहेर फुटू लागली. सरकारनं १ नोव्हेंबरला समाजमाध्यमंच बंद करून टाकली आणि दुसऱ्या दिवशी ओरडा झाला तेव्हा उघडली. लोकांच्या तोंडावर हात ठेवला, की लोक बोटांनी बोलतात. १० तारखेला मतदान, ११ ला मोजणी. नवीन रामगुलाम आणि बेरांजे, अनुक्रमे सत्त्याहत्तर आणि एकोणऐंशी वर्षांचे, एकत्र: साठ. प्रविंद: शून्य; स्वतःची जागाही गेली.

तिसऱ्यांदा साठ-शून्य. एकदा रामगुलामांचं शून्य, एकदा बाप जगन्नाथांचं, एकदा मुलाचं. आणि तिन्ही वेळा साठाच्या बाजूला तेच बेरांजे. मोजणी चालू असतानाच प्रविंदनी हार कबूल केली. कुणी पेट्या पळवल्या नाहीत, कुणी पलटण बोलावली नाही. २००३ साली फोन बंद पडला असता तर मामांनी केला असता तेवढाही आरडाओरडा नाही.

अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या मामांना मी विचारलं, "मामा, या वेळी चोपडीत काय होतं?"

"या वेळी मी काही लिहिलंच नव्हतं," मामा म्हणाले.

"का?"

"अरे, पन्नास वर्षं बघतोय. ज्या देशात निकाल आधी सांगता येत नाही, तिथल्या राज्यकर्त्यांना रात्री झोप लागत नाही. मग तिथली माणसं बिनघोर झोपतात. कशाला उगीच त्यांची झोप मोडायची?"

आतून मामींचा आवाज आला, "लिहिलं होतं. पान फाडलंय."